मुश्ताकभाऊंचा बर्फ

ब्रह्मपुरीच्या सरकारी दवाखान्यातल्या लॅबमध्ये तेव्हा एक मायक्रोस्कोप, एक फ्रीज आणि मी असे तिघे होतो आणि तिघांचीही गॅरंटी संपलेली होती. पावसाळ्यात मलेरियाच्या काचा, हिवाळ्यात सिकलसेलची शिबिरं आणि बाराही महिने गरोदर बायांचं रक्त. दिवसभर वाकून वाकून मान अशी धरायची की रस्त्यात कुणी हाक मारली तर मी सगळीच्या सगळी वळत असे. लोकांना वाटे, नूतन सहारेबाई फार रुबाबात असतात. रुबाब कसला, नस दुखायची.

दोन हजार पाच सालच्या होळीच्या सुमारास मुश्ताकभाऊ बर्फवाले आपल्या थोरल्या मुलीला, मलिकाला, घेऊन माझ्याकडे आले. मुश्ताकभाऊंना गावात कोण ओळखत नाही? तलावांतली आणि वैनगंगेतली मासळी ढिवर लोक धरायचे, आणि ती नागपूरच्या बाजारात पोचेपर्यंत ताजी ठेवायचं काम मुश्ताकभाऊंचं. घरामागे धानाच्या कोंड्यात पुरलेल्या बर्फाच्या लाद्या, त्या फोडायची लाकडी मोगरी आणि कोपऱ्यात जाड्या मिठाचं पोतं. माल लांब जायचा असला की ते फोडलेल्या बर्फात मिठाच्या मुठी टाकत. त्यानं बर्फ आणखी कडक गार होतो. "मीठ टाकलं का मासा नागपुरात बी डोळा मारते," असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

त्या दिवशी ते हसत नव्हते. मलिकानं तोंड उघडून दाखवलं. जिभेवर दही सांडल्यासारखा पांढरा थर. हाताची नखं पिवळी, जाड, कडेनं भुगा होणारी. बुरशी होती ती. लहानपणापासून तिला हे थोडं थोडं होतंच, पण आई होती तोवर आईनं हळद-मध लावून भागवलं. आई गेली, मलिकाचं लग्न अहेरीला झालं, नवऱ्याचं टायरचं दुकान. तिकडे गेल्यावर ते वाढलं. तिथल्या कुण्या डॉक्टरनं तोंडात बॅटरी मारली आणि सासूला बाहेर नेऊन सांगितलं, एड्सवाल्यांच्या तोंडात असंच असतं. असतं हे खरं. पण आणखीही कुणाकुणाच्या तोंडात असतं, एवढं सांगायला त्याला वेळ मिळाला नसावा. सासरच्यांनी मलिकाला पेटीसकट एसटीत बसवून दिलं.

एड्सची टेस्ट मी केली. निगेटिव्ह. काही महिन्यांनी पुन्हा केली, पुन्हा निगेटिव्ह. मुश्ताकभाऊंनी ते अहेरीला कळवलं तर तिकडून उत्तर आलं, मशीन खराब असन. मशीन नव्हतीच मुळी, साधी पट्टी होती, पण हे ऐकायला थांबतो कोण? नवऱ्यानं दुसरी करून घेतली. गावातल्या बायाही मलिकाच्या हातचं पाणी पिईनात. बर्फ घ्यायला येणारी माणसं म्हणू लागली, भाऊ, बर्फाला पोरीचा हात नका लावू देऊ. मग मलिका घरामागेच राहू लागली. फोडायची तीच, फक्त कुणाला दिसू द्यायची नाही.

गोळ्या घेतल्या की तिचं तोंड स्वच्छ व्हायचं. गोळ्या बंद केल्या की काही आठवड्यांत बुरशी हजर. मला या रोगाचा कंटाळा आला होता आणि त्याहून जास्त, तिच्या शांतपणाचा. ती कधी रडलीच नाही माझ्यासमोर. रडणाऱ्या माणसाला काही तरी बोलता येतं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात आमच्याकडे त्वचारोगाचं शिबिर लागलं. नागपूरहून डॉ. मंदा घाटे आल्या. त्यांची तिकडे संशोधनाची प्रयोगशाळा होती. मलिकाची नखं पाहिल्यावर त्यांचा चेहरा उजळला. डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की मला आधी पेशंटची काळजी वाटते. पण बाई चांगल्या होत्या. मुश्ताकभाऊ आणि मलिकाला बाकावर बसवून त्यांनी नीट समजावलं.

"आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. प्रत्येक पेशीच्या आत हजारो जनुकं असतात, म्हणजे काय काय बनवायचं त्याच्या सूचना. बहुतेक बंद पडून असतात. बुरशी अंगात शिरली की पेशी तिला ओळखते आणि त्यातली शेकडो जनुकं एकदम जागी होतात. कुणी मदतीला हाका मारतं, कुणी मारायचं हत्यार बनवतं. मला वाटतं, मलिकाच्या पेशी बुरशीला पाहतात, पण आतलं काही जागंच होत नाही."

मुश्ताकभाऊंनी बराच वेळ विचार केला. "म्हंजे कसं, की मालाची गाडी आली का अख्खा बाजार उठते. कोणी काटा काढते, कोणी बर्फ फोडते, कोणी बोली लावते. तसंच का, डॉक्टरबाई?"

"अगदी तसंच."

"आन माह्या पोरीच्या रक्तात गाडी येते, पन बाजार उठतच नाई."

"हो. आणि तसं निघालं, तर ते जन्मापासूनचं आहे. आईवडील दोघांकडून थोडं थोडं येऊन एकत्र झालेलं. तिला कुणाकडून लागलेलं नाही आणि तिच्यापासून कुणाला लागणारही नाही. मी तसं सही-शिक्क्यानिशी लिहून देईन."

मुश्ताकभाऊंनी बाकीचं सगळं ऐकलं असेल नसेल, पण 'लिहून देईन' एवढं त्यांनी पक्कं धरलं. त्यांची बायको त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी होती, म्हणजे दोघांकडून तेच यायला वाट होती. आमच्याकडेही मामाची पोर करतात, त्यात नवल नाही. "तो कागद घेऊन म्या अहेरीले जाईन," ते मला म्हणाले. "जमातीसमोर वाचून दाखवीन. नांदवा म्हनत नाई. फक्त थुंकलेलं चाटा म्हनीन." मलिका खाली बघत होती, पण तिनं ओढणीनं झाकलेली बोटं हळूच बाहेर काढली. एवढंच. मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

चौघांचं रक्त हवं होतं. मलिकाचं, मुश्ताकभाऊंचं, धाकट्या फरहाचं आणि तुलनेसाठी घराबाहेरच्या एका धडधाकट माणसाचं. धडधाकट म्हणून मी सापडले, यावरून गावाची तब्येत ओळखा. प्रयोगशाळेत त्या रक्तातल्या पेशी वेगळ्या काढणार, त्यांच्यावर बुरशी सोडणार आणि कुणाची जनुकं उठतात, कुणाची नाहीत ते बघणार. त्यासाठी पेशी जिवंत पोचायला हव्यात. डॉक्टरबाईंनी रुंद तोंडाचा थर्मास दिला आणि बजावलं, "थंड नको, गरम नको. अंगाला सोसेल असं हवं. कापसात गुंडाळा, थर्मासात ठेवा आणि पहिल्या बसनं पाठवा."

मे महिन्यात एका सकाळी मी हिरव्या झाकणाच्या नळ्या भरल्या, माझ्याही हातात सुई खुपसून घेतली आणि थर्मास मुश्ताकभाऊंच्या हवाली केला. ते स्वतःच निघाले. दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता त्यांचा.

दुपारी डॉक्टरबाईंचा फोन आला. "नूतनताई, यांना बर्फ घालायला कुणी सांगितलं? थर्मास तोंडापर्यंत बर्फानं भरलाय. मीठ घातलंय त्यात! रक्त गोठून फुटलं. नळीत नुसतं गुलाबाचं सरबत आहे."

मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. मुश्ताकभाऊ परत आले ते घरी न जाता थेट लॅबमध्ये येऊन स्टुलावर बसले. घामानं भिजलेले, ओठ सुकलेले.

"भाऊ, अंगाले सोसन असं म्हनलं होतं ना डॉक्टरबाईनं?"

"हाव, म्हनलं होतं. पन भायेर आग पडून राह्यली होती. म्या म्हनलं, पोरीचं रक्त हाय, नासलं तर? पोलिओचा डोस बी बर्फातच आनते ना तुमचे लोक? चाळीस वर्षं झाली, म्या कोनताच माल बर्फाबिगर नाई पाठवला, बाई." मग ते आपल्या हातांकडे बघत राहिले. बर्फानं पांढुरकी पडलेली, भेगाळलेली बोटं. "जिता माल होता. म्या मेल्या मालावानी बांधला."

मी त्यांना माठातलं पाणी दिलं. माणसानं आपल्या जवळचं सगळ्यात चांगलं ते दिलं होतं, आणि त्यानंच घात झाला होता. 

डॉक्टरबाईंना मी फोनवर खूप विनवलं. त्या म्हणाल्या, उन्हाळ्यात आता नकोच, हिवाळ्यात पाठवा. पण ते शेवटचं. मार्चमध्ये त्यांचं संशोधनाचं काम संपत होतं, त्या बंगलोरला जाणार होत्या. इकडे दुसरं कुणी हे करणारं नव्हतं.

मधल्या काळात फरहाचं लग्न जमलं. मुलगा वडशाचा, सलमान नावाचा, मोबाईल दुरुस्तीचं दुकान. पोरगी त्याला बघूनच लाल झाली होती म्हणे. त्याच्या घरच्यांनी मलिकाबद्दल आडून आडून विचारलंच. मग त्याच्या मोठ्या चुलत्यानं निकाल दिला की थोरलीला जे झालं ते तिच्या सासरी झालं, त्यात या घराचा काय दोष? धाकटी निर्मळ आहे. फक्त लग्नात थोरलीला पुढे करू नका.

मुश्ताकभाऊंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन दातओठ खाल्ले. "एक डाव डॉक्टरचा कागद हाती येऊ द्या, बाई. मंग लग्नात मलिका सगळ्याच्या पुढं उभी राहीन. पाहीन म्या कोन रोखते."

डिसेंबरमध्ये मी पुन्हा चौघांचं रक्त काढलं. फरहाच्या दोन्ही हातांना मेंदी होती, नखांसकट. नखं विटेसारखी लाल.

"लग्न मार्चात न मेंदी आत्तापासून?" मी चिडवलं.

"मलिकाआपा लावून देते," फरहा लाजून म्हणाली. "हप्त्या-हप्त्याले. मी नाई म्हनलं तरी बसवते."

मलिका खिडकीबाहेर बघत होती. माझ्यामागे गरोदर बायांची रांग होती, मी फरहाच्या दंडाला रबर बांधलं आणि विषय संपला. नळ्या कापसात गुंडाळून थर्मासात ठेवल्या. मुश्ताकभाऊंना घरी जाऊन स्वेटर घ्यायचा होता, नमाज पढून बस धरायची होती. थर्मास मलिकानं उचलला. मी मुश्ताकभाऊंना दम भरला, "भाऊ, आज बर्फाकडे पाहाचं बी नाई." त्यांनी दोन्ही कानांना हात लावले.

त्या दिवशी माझी दुपार फोनकडे बघण्यात गेली. फोन आला तेव्हा डॉक्टरबाईंचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

"पुन्हा बर्फ, नूतनताई. आणि पुन्हा मीठ."

"शक्यच नाही."

"माझ्या टेबलावर आहे. मी त्यांना विचारलं, तर म्हणतात, 'म्याच ठेवला, सवय हाय.' मान खाली घालून उभे राहिले आणि निघून गेले. मला वाईट वाटतं त्या मुलीचं. पण काही लोकांचं भलं करताच येत नाही हो." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी टेबल तसंच टाकून निघाले. एवढी संतापले होते की मान दुखायचीही थांबली. एकदा चुकला, ठीक आहे, अजाणतेपणी चुकला. दुसऱ्यांदा? कानाला हात लावून? म्हाताऱ्याला चार शब्द सुनवायचे, मग त्याला वाईट वाटो की काही वाटो, असं ठरवून मी त्यांच्या घरामागच्या अंगणात शिरले. मुश्ताकभाऊ नागपूरहून अजून आले नव्हते. मलिका एकटी होती. कोंडा झटकून तिनं लादी बाहेर काढली होती आणि मोगरीनं फोडत होती.

"तुह्या बापाची अक्कल का मासोळ्यांनी खाल्ली?" मी म्हणाले. "पुन्हा बर्फ घातला त्यानं, न वरून डॉक्टरबाईले म्हनते, म्याच ठेवला! संपलं आता सगळं. पुन्हा नाई होत तपासनी."

मलिकानं मोगरी खाली ठेवली. "अब्बानं नाई, बाई. म्या घातला."

"तू?"

"अब्बा नमाजले बसले तवा. नळ्यांच्या अवतीभवती भरला, मीठ टाकलं, झाकन लावलं."

तिचा आवाज नेहमीसारखाच, शांत. मी मिठाच्या पोत्यावर बसले. दुसरं काही नव्हतंच बसायला.

"काऊन गं? तुह्याचसाठी चाललं होतं ना हे सारं?"

"फरहाची नखं पाहली तुमी?" तिनं विचारलं. "मेंदीच्या खाली? अंगठ्याचं पिवळं पडून राह्यलं. दुसऱ्या बोटाचं बी. माहंबी असंच सुरू झालं होतं. तिले म्या सांगतलं, साबनानं होते असं."

मला विटेसारखी लाल नखं आठवली. "पिवळं पडलं म्हणजे तेच असंन असं काही नाई. साधं बी असू शकते. तपासलं असतं तर कळलं असतं."

"म्हनूनच तपासू नाई दिलं."

ती खाली बसली, बर्फाच्या खपल्या गोळा करू लागली. मग पुढचं तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं. "एड्स माह्या एकटीचा हाय, बाई. लोक म्हनते, सासरी गेली न घेऊन आली. घराले डाग नाई. पन डॉक्टरच्या कागदावर निंगालं का हे मायबापाकडून येते, तर मंग घराचंच झालं ना? अब्बा तो कागद जमातीसमोर वाचनार. वडशाचे लोक काय भैरे हायेत? मी सुटीन न फरहा अडकन."

"अगं पन आयुष्यभर लोक तुले..."

"आता बी म्हनूनच राह्यले ना?" ती म्हणाली. "सवय झाली मले. तिले नाई व्हायची."

मला हे सगळं माहीत होतं. माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलीचं लग्न पत्रिका वाटल्यावर मोडलं होतं. सिकलसेलची नुसती वाहक होती पोरगी, ठणठणीत. तपासणी शिबिरात मीच केली होती, कार्डही मीच लिहिलं होतं. बरोबर लिहिलं होतं. त्यानंतर बहीण माझ्या घरी जेवली नाही. खरं शोधायचा पगार मला मिळतो, पण खरं निघाल्यावर ज्यांच्या घरात ते जाऊन पडतं त्यांचं काय होतं, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

"फरहाला औषध लागंन," मी शेवटी म्हणाले.

"माह्या नावावर द्या. दोघींचं."

"तिला सांगावं लागंन, मलिका. लपवून औषध नाई चालत. पुढं लेकरंबाळं व्हायचा टाइम येईन, तवा या गोळ्या चालत नाई."

"सांगीन. निकाह झाला का सांगीन. आत्ता सांगतलं तर ती लग्नालेच नाई म्हनन. तुमाले ठाऊक नाई ती. माह्यासाठी उभ्या बाजारात भांडते." आणि मग पहिल्यांदा तिचा आवाज जरा हलला. "अब्बाले नका सांगू, बाई. डॉक्टरबाईनं डोळे वटारले म्हनून डरले असतीन न म्याच ठेवला म्हनून गेले असतीन. त्याइले वाटत असंन, आपल्याच हातून झालं सवयीनं. तसंच वाटू द्या."

मी हो म्हणाले. नाही म्हणायला अंगात जोर लागतो. घरी जाताना मान पुन्हा धरली.

त्यानंतर मलिका दर महिन्याला येई आणि दोघींच्या गोळ्या नेई; फरहाला निकाहपर्यंत ताकदीच्या म्हणून देई. मुश्ताकभाऊ मात्र माझ्याकडे फिरकेनासे झाले. रस्त्यात दिसले तर हातगाडी दुसरीकडे वळवत. मला वाटलं, लाजत असतील. दोनदा चुकलेल्या माणसानं लाजावंच, असं सगळ्या गावालाही वाटत होतं, कारण गोष्ट गावभर झाली होती. बर्फवाल्यानं पोरीचं रक्त मासोळीसारखं खारवलं, म्हणून लोक हसत होते. ते गुपचूप ऐकून घेत.

मार्चमध्ये लग्न झालं. घरासमोर मांडव, वडशाची मंडळी, उन्हाची सुरुवात. मलिका ठरल्याप्रमाणे घरामागे होती. मी जेवणाआधी तिकडे चालले, तर बोळात मुश्ताकभाऊ एकटेच कोंड्याच्या ढिगाला टेकून बसलेले. नवा कुर्ता, डोक्यावर टोपी. मला बघून उठायला लागले, पण उठले नाहीत.

"झालं बाई, कबूल झालं," ते म्हणाले. "पोरगी हासून राह्यली."

"चांगलं झालं, भाऊ."

त्यांनी कुर्त्याला चिकटलेला कोंडा झटकला. मग म्हणाले, "तुमी बी मले येडाच समजत असान."

मलिकाला वचन दिलेलं होतं.

"भिवापूरले बस थांबली होती," ते म्हणाले. "थर्मास मांडीवर. थंडीचे दिस, तरी वाटलं, हा असा जड काऊन? नळ्या कापसातल्या, हलक्या फुलावानी. चाळीस वर्षं बर्फ उचलला म्या. वजन हाताले नाई कळन मले? खाली उतरलो, झाकन खोललं, बोट बुडवून चाटलं. खारट."

मांडवाकडून बँडचा आवाज येत होता. मला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"मंग फेकला काऊन नाई तुमी?"

"फेकालेच उतरलो होतो. गटाराजवळ उभा बी राह्यलो. रक्त लाल होतं अजून, वाचलंबी असतं. मंग म्हनलं, मीठ टाकनारं आपल्या घरात दुसरं कोन हाय? मलिकानं टाकलं तर ते उगाच नाई टाकलं. न मंग मेंदी ध्यानात आली. हप्त्या-हप्त्याले मेंदी. मायबी तिच्या बोटाइले अशीच लावत होती लहानपनी, मलिकाच्या. कोनाले दिसू नाई म्हनून." त्यांनी कुर्त्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "दोन पोरी हायेत मले. एकीसाठी घरून निंगालो होतो, रस्त्यात दुसरी आठवली. कंडक्टर शिटी वाजवून राह्यला होता. झाकन लावलं न गाडीत बसलो."

मला रडू आलं. सांगायला लाज कसली, आलं. तिथून पुढे नागपूरपर्यंत तो माणूस थर्मास मांडीवर घेऊन बसला होता, आणि आत थोरलीची अब्रू गोठत होती, हे त्याला हाताला कळत होतं.

"मलिकाले सांगू नका," ते म्हणाले. "तिले वाटते, अब्बाले समजलं नाई. समजलं होतं असं कळलं, तर तिले वाटन का बापानंच आपल्याले डुबवलं. खरंच डुबवलं, बाई. पन तिले ते नको कळाले."

मी मान हलवली. एकीनं बापाला सांगू नका म्हणून सांगितलं, बाप म्हणतो लेकीला सांगू नका. दोघांचं एकच गुपित, आणि ते सांभाळायला मी. सरकारनं मला याचा भत्ता द्यायला हवा होता.

तेवढ्यात मागच्या दारातून मलिका ट्रे घेऊन आली. ग्लासांत पाणी, पाण्यात बर्फ. हे बाहेर मांडवात दुसरंच कुणी वाटणार होतं. तिनं ट्रे बोळाच्या तोंडाशी ठेवून परत फिरायचं, एवढीच तिची हद्द. बापाला बसलेलं बघून ती थबकली. "अब्बा, इथी काऊन बसले? लोक तिकडं शोधून राह्यले तुमाले."

"येतो ना," मुश्ताकभाऊ म्हणाले आणि लेकीच्या खांद्यावर हात टेकून उठले. तो हात त्यांनी जरा जास्त वेळ ठेवला. मग टोपी सारखी करून मांडवात गेले.

मलिका माझ्याकडे वळली. मांडवाच्या कडेला वडशाच्या दोन बाया उभ्या होत्या, त्या आमच्याकडेच बघत होत्या. मलिकानं त्यांना बघितलं आणि ट्रे खाली ठेवू लागली.

"आन इकडे," मी मोठ्यानं म्हणाले. "तुह्या हातानं दे."

तिनं ग्लास उचलून माझ्या हातात दिला. बर्फ फार घातला होता. दातांतून कळ निघाली, दुखरी मान आणखी दुखली. मी सगळं प्यायले आणि दुसरा ग्लास मागितला.